आजी घरातच असतात, पण कशा असतात?

मैत्रिणींनो, कुणाच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांची चौकशी केली की उत्तर ठरलेलं असतं. 'अहो, आहेत ना घरीच. मुलगा-सून आहेत बघायला. दोन वेळचं गरम जेवण, वेळेवर गोळ्या. कसलीच कमी नाही.' ऐकणारीही निर्धास्त होते. वृद्धाश्रमात ठेवलं असतं तर आपण मागे चार शब्द बोललो असतो, पण घरी आहेत म्हटल्यावर विषयच संपला!

वृद्धाश्रमांवर आपल्याकडे नाटकं झाली, सिनेमे निघाले, मंडळांचे भेटीचे कार्यक्रम होतात, फळंवाटप होतं, फोटोही छापून येतात. पण तिथे राहणारी माणसं किती? मूठभर. बाकीची सगळी आपापल्या घरीच आहेत. २०११च्या जनगणनेत देशात साठी ओलांडलेले दहा कोटींच्या वर होते. महाराष्ट्रात तर दर दहा माणसांमागे जवळजवळ एक जण साठीच्या पुढचा. त्यानंतरही हा आकडा वाढतच गेला आहे. म्हणजे म्हातारपण बघायला कुठे लांब जायला नको. ते आपल्याच पडवीत, मधल्या खोलीतल्या कॉटवर, टीव्हीसमोरच्या खुर्चीत बसलेलं आहे.

आमच्या तालुक्याच्या गावात महिला मंडळाच्या आम्ही दहा-बाराजणी गेली काही वर्षं दुपारच्या वेळी अशा घरांमध्ये जातो. कामाचं स्वरूप अगदी साधं. बसायचं, बोलायचं, लागलंच तर दवाखान्यात सोबत करायची. मी कला शाखेची पदवीधर, डॉक्टर नव्हे, त्यामुळे औषधाचं काही सांगत नाही. पण एक गोष्ट पहिल्याच महिन्यात लक्षात आली. 'आजी, तब्येत कशी आहे?' असं विचारलं की उत्तर सून देते! 'बरी आहे हो, बीपी आहे थोडं, जेवतात व्यवस्थित.' आजी नुसत्या हसतात. आजोबांना विचारलं तर मुलगा बोलतो. समोर बसलेल्या माणसाविषयी आपण त्याच्या देखत, ते तिथे नाहीतच अशा थाटात बोलत असतो.

मग आम्ही प्रश्न बदलले. आज भाजी कुठली करायची ते तुम्हाला विचारलं का? आठवडाभरात घराबाहेर किती वेळा पाऊल टाकलं? स्वतःच्या हाताने कुणाला पाच-पन्नास रुपये दिलेत का? रात्री उठायची भीती वाटते का? हे विचारल्यावर मात्र आजी बोलायला लागल्या. काही तर इतक्या बोलल्या की सुनेने चहाचं आधण दोनदा ठेवलं.

पुढे एका शिबिरात कळलं की हे विचारणं काही आमचंच डोकं नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने जगण्याचा दर्जा मोजायला प्रश्नावली तयार केली आहे. तिची छोटी आवृत्ती २६ प्रश्नांची. शरीर, मन, माणसांशी नाती आणि भोवतालची परिस्थिती, असे त्यात चार भाग. वृद्धांसाठी आणखी २४ प्रश्न वेगळे केले आहेत. त्यात दिसतं का, ऐकू येतं का हे आहेच, पण स्वतःचे निर्णय स्वतः घेता येतात का, चार माणसांत मिसळता येतं का, आजवर जे केलं त्याचं समाधान आहे का, मरणाची भीती वाटते का, जिव्हाळ्याचं माणूस आहे का, हेसुद्धा आहे. आणि महत्त्वाचं म्हणजे उत्तर ज्याचं त्याने द्यायचं. बीपी किती हे यंत्र सांगेल, पण जगणं कसं चाललंय हे त्या माणसालाच विचारायला हवं.

आजार तर असणारच. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये देशभरातल्या पंचेचाळिशीच्या पुढच्या ७२ हजारांवर माणसांची पाहणी केली. तिचा अहवाल २०२१च्या जानेवारीत आला. त्यानुसार ज्येष्ठांपैकी ७५ टक्के लोकांना एक तरी जुनाट आजार आहे, ४० टक्क्यांना कुठलं ना कुठलं अपंगत्व आहे आणि २० टक्क्यांना मनाच्या आरोग्याच्या तक्रारी आहेत. म्हणजे ठणठणीत म्हातारपण हे थोड्यांच्याच नशिबी. पण तेच दुखणं, तेच वय असलेल्या दोन आजींचे दिवस किती वेगळे असू शकतात, हे आम्ही एकाच आळीत समोरासमोरच्या घरांत बघितलं आहे. एक काठी टेकत का होईना पण देवळापर्यंत जाऊन येते. दुसरी दीड वर्षात उंबऱ्याबाहेर पडलेली नाही. फरक कशाचा? पहिलीच्या घरी पायरीला लोखंडी दांडी बसवली होती, एवढाच!

आता या दांडीवरच जरा थांबते, कारण मला विचाराल तर घरातल्या वृद्धांच्या आरोग्याची सुरुवात डॉक्टरपासून नाही, मोरीपासून होते. पासष्टीच्या पुढची तीन माणसं घेतली तर त्यातलं साधारण एक जण वर्षभरात एकदा तरी पडतं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आणि पडतात कुठे? रस्त्यावर नाही, घरातच. न्हाणीघरात, अंगणाच्या पायरीवर, रात्री अंधारात लघवीला उठताना. आपण घर नवं केलं की हौसेने चकचकीत टाइल्स बसवतो. जुनी खरबरीत शहाबादी फरशी निघून जाते, आणि त्या गुळगुळीत फरशीवर साबणाचं पाणी सांडलं की तरणी माणसंही घसरतात, तिथे ऐंशीच्या सासूबाईंचं काय?

पडणं म्हणजे नुसता मुका मार नव्हे. पाळी गेल्यानंतर बायकांची हाडं ठिसूळ होत जातात. साध्या पडण्याने खुब्याचं हाड मोडतं. मग ऑपरेशन, नाहीतर अंथरूण. आणि अंथरूण धरलं की मागोमाग छातीत कफ, पाठीला जखमा, पायात रक्ताच्या गुठळ्या असं एकेक चालू होतं. म्हणून खुबा मोडला तर 'या वयात कशाला चिरफाड' म्हणत दिवस घालवू नयेत, लवकरात लवकर हाडांच्या डॉक्टरांचं मत घ्यावं. ऑपरेशनला उशीर होईल तितकी ही दुखणी वाढतात.

दुसरंही एक होतं, आणि ते एक्स-रेमध्ये दिसत नाही. एकदा पडलेलं माणूस पुन्हा पडायच्या भीतीने हलायचंच सोडतं. हललं नाही की पायातली ताकद जाते, आणि ताकद गेली की पडायची शक्यता आणखी वाढते. घरचे प्रेमानेच म्हणतात, 'आई, तुम्ही उठू नका, सगळं हातात देते.' दोन-तीन महिने असं 'हातात' दिलं की चालती-फिरती आई खरोखरच उठेनाशी होते. सुनेचा हेतू चांगला असतो यात शंका नाही, पण आईंच्या पायांना ते कळत नाही.

काय करायचं? संडासात आणि मोरीत भिंतीला पक्की दांडी. टॉवेल अडकवायची नव्हे, गवंड्याकडून सिमेंटमध्ये बसवून घेतलेली, अंगाचा भार पेलेल अशी. अंघोळीला बुटका पाट काढून टाकून पाठीची प्लास्टिकची खुर्ची, जिचे पाय घसरत नाहीत अशी. बैठा संडास असेल तर त्यावर ठेवायची कमोडची खुर्ची मिळते. मोरीपुढचं जुन्या साडीचं सरकणारं पायपुसणं आजच उचला. रात्रीचा झिरोचा दिवा लावा, विजेच्या बिलात त्याने काही फरक पडत नाही. काठीच्या टोकाचं रबर झिजलं की बदलायचं असतं, हे किती घरांत माहीत असतं? साडीचा घोळ पायात येत असेल तर गाऊन किंवा सहावारीऐवजी आखूड नेसणं. (यावर एका आजींनी मला ऐकवलं, 'पोरी, जन्मभर नऊवार काष्टा घातला, कधी पडले नाही. तुमच्या पाचवारीनेच पाडलं मला!' तेही खरंच.)

उठताना चक्कर येते का, हे मात्र मुद्दाम विचारा. रक्तदाबाच्या, झोपेच्या, काही वेळा प्रोस्टेटच्या गोळ्यांनी झोपेतून एकदम उभं राहिलं की रक्तदाब खाली येतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. आधी कुशीवर वळायचं, मग कॉटच्या कडेला पाय सोडून मिनिटभर बसायचं आणि मग उठायचं. डॉक्टरांना सांगून एकदा बसून आणि एकदा उभं करून रक्तदाब मोजून घ्यावा. आणि व्यायाम म्हणाल तर ओट्याला धरून एकेका पायावर उभं राहणं, खुर्चीतून हात न टेकता दहा वेळा उठणं. ज्यांना जमेल त्यांनी जमेल तेवढं.

आता जरा अवघड विषय. पण बायकांच्या पुरवणीत नाही बोलायचं तर कुठे बोलायचं?

आमच्या ओळखीच्या एक आजी कीर्तनाच्या मोठ्या नादी. गावात सप्ताह बसला की सातही दिवस पहिल्या रांगेत. हळूहळू त्यांनी जाणं बंद केलं. घरच्यांना वाटलं, वय झालं, उत्साह संपला. लग्नाकार्यालाही येईनात, दुपारी चारनंतर पाणी पिणंही त्यांनी सोडलं. खूप दिवसांनी, सून आत गेलेली बघून त्यांनी हळूच सांगितलं, खोकलं-शिंकलं तरी लघवी होते, लुगडं भिजतं, आणि 'अंग' बाहेर येतं. किती वर्षं? तर सोळा! सोळा वर्षं त्या बाईने हे दुखणं पदराआड लपवलं होतं. नवऱ्याला नाही, मुलीला नाही, डॉक्टरांनाही नाही.

मैत्रिणींनो, हे दुखणं एकट्यादुकट्या आजींचं नाही. अनेक बाळंतपणं, त्यानंतर लगेच उचललेली ओझी, जुनाट खोकला, बद्धकोष्ठ यांनी ओटीपोटाखालचे स्नायू सैल पडतात आणि पाळी गेल्यावर ते आणखी ढिले होतात. यावर उपाय आहेत. सुरुवातीला स्नायू आवळण्याचे व्यायाम, मग आतमध्ये बसवायची रिंग, आणि गरज पडली तर ऑपरेशन. रिंग तर स्त्रीरोगतज्ज्ञ दवाखान्यातच बसवतात, भूल द्यावी लागत नाही. आमच्या या आजींना रिंग बसवली. पुढच्या सप्ताहात त्या पहिल्या रांगेत नव्हत्या, पण दाराजवळच्या खांबाशी बसल्या होत्या, म्हणजे उठायला सोपं. आणखी एक लक्षात ठेवा. पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर अंगावरून लाल जायला लागलं, अगदी डागभर जरी गेलं, तरी 'उष्णता झाली' म्हणून सोडू नका. ते कर्करोगाचं लक्षण असू शकतं, ताबडतोब तपासायलाच हवं.

पाण्याचा विषय निघालाच आहे. वय वाढतं तशी तहान कमी लागते. त्यात लघवीच्या धास्तीने पाणी तोडलं की लघवीत जंतुसंसर्ग होतो. तरुणांना अशा वेळी जळजळ, थंडी-ताप येतो. म्हाताऱ्या माणसांना कधीकधी यातलं काहीच होत नाही, ती एकदम बरळायला लागतात, घरच्यांना ओळखत नाहीत, रात्रभर जागतात. 'सासूबाईंना वेड लागलं' असं म्हणून देवऋषाकडे नेलेल्या एक बाई लघवीची तपासणी आणि औषध झाल्यावर आठवड्यात पूर्वीसारख्या झाल्या. तेव्हा दोन दिवसांत अचानक झालेला बदल हा म्हातारचळ नसतो. त्यामागे जंतुसंसर्ग, साखर किंवा मीठ कमी होणं, एखादं नवं औषध, पडल्यावर डोक्याला लागलेला मार, असं काहीतरी असतं, आणि त्याला दवाखाना हाच उपाय. पाणी मात्र हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णांना डॉक्टर सांगतील तेवढंच द्यायचं.

खाण्याचं काय चाललंय तेही बघा. 'सासूबाईंचं जेवण काही नाही हो, चहा-खारी, दुपारी आमटी-भात, रात्री भाताची पेज.' ऐकायला सात्त्विक वाटतं! पण यात ताकद कुठे आहे? दात नाहीत म्हणून भाकरी सुटली, भाकरी सुटली म्हणून उसळ सुटली. तज्ज्ञ म्हणतात की वृद्धांनी वजनाच्या दर किलोमागे रोज निदान एक ग्रॅम तरी प्रथिनं खावीत. पन्नास किलोच्या आजींना पन्नास ग्रॅम. वाटीभर घट्ट वरणात सहा-सात ग्रॅम मिळतात, एका अंड्यात सहा, ग्लासभर दुधातही तेवढीच. आता करा हिशेब, पातळ आमटीत काय येतंय ते. मूग भिजवून वाटलेली धिरडी, दाण्याचा कूट घातलेली मऊ भाजी, दह्यात कालवलेली भाकरी, खात असतील तर अंडं, माशांचं कालवण. आणि कवळी! ती डबीत ठेवायला नसते. टोचते म्हणून काढून ठेवली असेल तर दाताच्या डॉक्टरांकडून घासून घ्या.

संपूर्ण शाकाहारी माणसांत बी-१२ जीवनसत्त्व कमी पडतं. मधुमेहाची मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेणाऱ्यांतही. पायाला मुंग्या, तोल जाणं, विसरणं ही त्याची लक्षणं, आणि आपण ती वयावर ढकलतो. रक्ताच्या एका तपासणीत कळतं.

औषधांविषयी मी एवढंच सांगेन. घरातल्या सगळ्या गोळ्या, मलमं, काढे, चूर्णं एका पिशवीत भरा आणि पुढच्या खेपेला ती पिशवीच डॉक्टरांच्या टेबलावर ओता. एका आजोबांच्या पिशवीत एकच औषध दोन कंपन्यांच्या दोन नावांनी निघालं, एक तालुक्याच्या डॉक्टरांनी दिलेलं, एक जिल्ह्याच्या. दोन्ही रोज चालू होतं! गुडघ्यासाठी मेडिकलमधून परस्पर आणलेल्या दुखण्याच्या गोळ्या तर घरोघर. त्या महिनोन्महिने घेतल्या की मूत्रपिंडावर आणि जठरावर काय होतं ते एकदा डॉक्टरांच्या तोंडूनच ऐका.

कान. यावर घरात सगळ्यात जास्त भांडणं. टीव्हीचा आवाज मोठा, आपण एक विचारावं तर उत्तर भलतंच, मग सगळे ओरडून बोलतात, आणि ओरडून बोललेलं कुणालाही रागावल्यासारखंच वाटतं. शेवटी माणूस बोलणंच थांबवतं. आपण म्हणतो, 'आजोबा आता शांत झालेत.' शांत कसले, एकटे पडलेत! 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणाऱ्या आणि टाळता येण्याजोग्या १४ गोष्टी सांगितल्या. ऐकू न येणं आणि उपचार न केलेलं कमी दिसणं, दोन्ही त्यात आहेत. आपल्या देशात साठीच्या पुढच्या शंभरांतल्या साधारण सात जणांना स्मृतिभ्रंश असावा, म्हणजे ८८ लाख माणसं, असा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. पुरुषांपेक्षा बायकांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत प्रमाण जास्त. मोतीबिंदूचं ऑपरेशन सरकारी रुग्णालयांत, शिबिरांत फुकट होतं. कानात कधी नुसता मळ साठलेला असतो, तो काढला तरी खूप फरक पडतो. समोर बसून, चेहरा दिसेल असं, सावकाश बोलायला तर काहीच खर्च नाही.

बायको गेलेल्या आजोबांबद्दलही एक वाक्य लिहिते, कारण त्यांच्याबद्दल कुणी लिहीत नाही. चहा किती वाजता हवा हेसुद्धा ज्यांना बायकोनेच आयुष्यभर सांगितलं, त्यांना सुनेकडे दुसरा कप मागायचा संकोच होतो. अशांना बळेबळे ज्येष्ठ नागरिक संघात नेऊन बसवा. पहिले आठ दिवस कुरकुरतील, नवव्या दिवशी छत्री घेऊन स्वतःच निघतील.

आणि आता पैसा. म्हाताऱ्या बाईच्या हातात स्वतःचे शंभर रुपये असणं हीसुद्धा आरोग्याचीच गोष्ट आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. नातवाला खाऊला द्यायला, देवापुढे ठेवायला, माहेरच्या माणसाला फोनचं रिचार्ज करून द्यायला. पासबुक मुलाकडे, एटीएम कार्ड नातवाकडे, निराधार पेन्शन कधी जमा होतं ते आजींना शेजारणीकडून कळतं, अशी घरं आम्ही पाहतो. घरात वाईट कुणी नसतं, पण 'तुला काय करायचेत पैसे?' हा प्रश्न रोज ऐकून माणूस मनातून खचतं.

त्याहून गंभीर गोष्ट घराच्या सह्यांची. 'आई, आज ना उद्या आमचंच आहे, आत्ताच नावावर करून टाक' असं म्हटल्यावर किती आया नाही म्हणतील? २००७ साली आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा व कल्याणाचा कायदा झाला. त्याच्या २३व्या कलमानुसार, सांभाळण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि नंतर सांभाळलं नाही, तर ते हस्तांतरण रद्द करून मागता येतं. पण अट सिद्ध करता आली पाहिजे, आणि तिथेच अडतं. म्हणून बक्षीसपत्र करायचंच असेल तर 'माझा शेवटपर्यंत सांभाळ आणि औषधपाणी करण्याच्या अटीवर' हे शब्द कागदावर आलेच पाहिजेत. नुसत्या तोंडी भरवशावर विसंबू नये. खरं तर मी आजींना एवढंच सांगते की मृत्युपत्र करा, आपल्या हयातीत घर आपल्याच नावावर राहू द्या. याच कायद्याखाली मुलं-नातवंडं बघत नसतील तर प्रांताधिकाऱ्यांपुढच्या न्यायाधिकरणाकडे साध्या अर्जाने दरमहा दहा हजारांपर्यंत निर्वाहखर्च मागता येतो. ज्यांना मूल नाही त्यांना, मालमत्ता ज्या नातेवाइकाला मिळणार आहे त्याच्याकडे मागता येतो. वकील लागत नाही. अर्थात कोर्टकचेरीपर्यंत किती आया जातील? 'माझ्याच पोराची तक्रार करू?' असं म्हणून त्या फिरून घरी येतात. पण कायदा आहे एवढं घरातल्या सगळ्यांना माहीत असलं, तरी बराच फरक पडतो.

बाकी सोयी थोडक्यात सांगते. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही मोफत हेल्पलाइन २०२१ पासून आहे. मार्गदर्शन हवं असो की छळाची तक्रार असो, तिथे फोन करता येतो. २०२४च्या ऑक्टोबरपासून सत्तरीच्या पुढच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान योजनेचं वय वंदना कार्ड काढता येतं. वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार, पण फक्त योजनेतल्या रुग्णालयांत आणि दाखल झाल्यावरच. बाहेरच्या बाहेर घेतलेल्या औषधांना ते चालत नाही. आधार कार्ड घेऊन आशाताईंना विचारा. २०२२ पासून पंचाहत्तरीच्या पुढच्यांना एसटी मोफत झाली, त्यामुळे आमच्या गावच्या कितीतरी आजींनी पंढरपूर बघितलं. रेल्वेची सवलत मात्र २०२० मध्ये गेली ती परत आली नाही.

हे सगळं लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर आजींइतकीच ती सूनही असते. पंचेचाळीस-पन्नाशीची. तिचीच पाळी जायच्या बेतात, तिचीच कंबर धरलेली, मुलीच्या बारावीची काळजी, आणि अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंना दर दोन तासांनी कूस बदलायची, डायपर बदलायचा. वर जाऊबाई मुंबईहून फोनवर सल्ला देणार! मैत्रिणींनो, आपल्या कथेतला श्रावणबाळ मुलगा होता, सून नव्हता, हे आपण कसे काय विसरलो कुणास ठाऊक. कावड त्याने स्वतःच्या खांद्यावर घेतली होती. मुलाने आईला अंघोळ घालायची वेळ आली तर तो बाहेर का पळतो? बापाची दाढी, आईची पाठ चोळणं, रात्रीची एक फेरी, दवाखान्याचा नंबर लावणं, हे त्याचंही काम आहे. बाहेरगावच्या भावंडांनी नुसते पैसे पाठवू नयेत, वर्षातले पंधरा दिवस येऊन राहावं आणि त्या पंधरा दिवसांत सुनेला माहेरी जाऊ द्यावं. आमच्या मंडळाने एक पद्धत पाडली आहे. ज्या घरी अंथरुणावरचं माणूस आहे, तिथे आठवड्यातून एक दुपार दोघी जाऊन बसतात आणि त्या सुनेला तीन तासांची सुट्टी. पहिल्या सुट्टीत त्या काय करतात ठाऊक आहे? बहुतेकजणी मैत्रिणीच्या घरी जाऊन झोपतात!

गेल्या श्रावणात एका घरी गेलो होतो. आजी एक्याऐंशीच्या, गुडघे गेलेले, पण नजर चांगली. त्यांना विचारलं, काय करावंसं वाटतं? आम्हाला वाटलं नातवाचं लग्न म्हणतील, काशी म्हणतील. त्या म्हणाल्या, 'मला सोमवारच्या बाजारात भाजी आणायला जायचंय. माझी पिशवी घेऊन.' गेली सहा वर्षं भाजी मुलगाच मोटारसायकलवरून आणत होता. तो म्हणाला, 'आई, तिथे गर्दीत कुठे जातेस? पडशील.' सून काही बोलली नाही, आतून जाऊन तिने पिशवी आणली.

पुढच्या सोमवारी सकाळी लवकर, गर्दी व्हायच्या आत, आम्ही दोघी आणि सून असे रिक्षा करून आजींना घेऊन गेलो. एका ओळखीच्या दुकानदाराने बाजाराच्या तोंडाशी खुर्ची टाकून दिली. तिथे बसून आजींनी समोरच्या तीन भाजीवाल्यांशी घासाघीस केली. एकीला तर 'तुझ्या सासूला ओळखते मी' म्हणून दटावलंही. गवार मोडून बघितली, कोथिंबीर वरती मागून घेतली, आणि कनवटीचे पैसे काढून दोनदा मोजून दिले. येताना रिक्षात पिशवी मांडीवरून खाली ठेवू दिली नाही.

त्या दिवशीपासून महिन्यातले दोन सोमवार त्यांचे ठरले आहेत. मेथी मात्र त्या नेहमीच महाग आणतात, असं सुनेचं म्हणणं आहे.